रामा तांडेलाची चूक

चहा येईस्तोवर माझ्या अकलेचं एक प्रकरण ऐकवतो. अकलेचं म्हणजे ती नव्हती त्याचं. गावात अजूनही कुणीकुणी मला ‘मेंबर’ म्हणून हाक मारतं आणि नव्या माणसाला वाटतं, हा गृहस्थ कधीकाळी मोठा पुढारी असणार. ती समजूत मी खोडून काढत नाही. पण तुम्ही घरचे, तुमच्यापासून काय लपवायचं? मी म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीला उभा राहिलो, महिनाभर जीव तोडून प्रचार केला, आणि तो सगळा प्रचार… थांबा, क्रमानेच सांगतो. घाईत सांगितलं तर तुम्ही लवकर हसायला लागाल, आणि मला तेवढी घाई नाही.

तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरी. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. किनाऱ्यावरचं आमचं गाव एवढंसं, पण गावाला म्युनिसिपालिटी होती. रस्त्यावर रॉकेलचे दिवे होते, ते लावायला एक माणूस होता, आणि ते का लागत नाहीत यावर चर्चा करायला बारा मेंबर होते.

माझा सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पडवीत हाताने फिरवायचं एक मशीन, कोल्हापुराहून फोंडाघाट उतरून येणारं गॅसचं नळकांडं, आणि गळ्यात गोटी अडकलेल्या हिरव्या बाटल्या. समोर एक बाकडं. त्या बाकड्यावर गावातली चार रिकामी माणसं सोडा पीत बसत आणि मी मशीन फिरवता फिरवता म्युनिसिपालिटीचे वाभाडे काढीत असे. एक दिवस त्यांच्यातला एक म्हणाला की शांताराम, तू मेंबर व्हायला हवंस. आता विचार करा. तो त्या क्षणी माझा फुकटचा सोडा पीत होता. फुकट सोडा पिणारा माणूस दुसरं काय म्हणणार? पण मला तो जनतेचा आवाज वाटला.

आमची आळी तेरा घरांची, वॉर्ड नंबर तीनमध्ये. आळीच्या पश्चिमेला उतार, तो थेट किनाऱ्यावर मासेमारांच्या वाड्यात जातो. पूर्वेला चढण, ती चढून गेलं की बाजाराची मागची बाजू, एक भाताची गिरण आणि ख्रिस्ती लोकांची घरं. माझ्या जन्मापासून वॉर्ड तीन म्हणजे आमची आळी आणि खालचा वाडा. हे मला स्वतःच्या नावासारखं पाठ होतं. वरच्या अंगाला मी कधी बाटल्या द्यायलाही गेलो नव्हतो. चढण फार, आणि खांद्यावरची पेटी जड.

वॉर्ड तीनचे मेंबर होते आबा सामंत. ती भाताची गिरण त्यांचीच. मसुऱ्यापासून लोक भात घेऊन त्यांच्याकडे येत. बारा वर्षं ते निवडून येत होते आणि बारा वर्षांत त्यांनी कुणाला दुखवलं म्हणून नव्हतं. तुमचं काम होणार नाही, हे ते इतक्या गोडीने सांगत की माणूस आभार मानून घरी जाई. अशा माणसाला पाडायचं तर माझ्यासारखाच कडक माणूस हवा, असं माझं आणि बाकड्याचं मत पडलं.

फॉर्म भरायला कचेरीत गेलो. कचेरीच्या पायरीवर आम्ही सगळे चपला काढतो तशी मालवणीही काढून ठेवतो, आणि आत गेल्यावर पुस्तकासारखे बोलायला लागतो. सूचक आणि अनुमोदक म्हणून आळीतले दोन शेजारी नेले होते. त्यांनी सह्या केल्या. कारकुनाने फॉर्म तपासला, आणि मतदारांची यादी एकदा नजरेखालून घाला म्हणाला, यंदा बरेच फेरफार झालेत, बाहेर फळ्यावर नोटीसही लावली आहे. मला हसू आलं. फेरफार म्हणजे काय, तर कोण वारलं आणि कोण एकवीस वर्षांचं झालं. ते मला हा सांगणार?

“यादी कशाला हवी?” मी म्हणालो. “माझे मतदार माझ्या हृदयात आहेत.”

कारकून “बरं” म्हणाला आणि त्याने शिक्का मारला. त्या ‘बरं’मध्ये काय होतं ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. आणि फळ्यावरची नोटीस? म्युनिसिपालिटी लोकांचे अर्ज वाचत नाही, हा माझ्या प्रचाराचा मुख्य मुद्दा होता. त्या मुद्द्याच्या नादात मी म्युनिसिपालिटीची नोटीस वाचली नाही.

मला कंदील ही निशाणी मिळाली, आबांना तराजू. आठवड्याने उमेदवारांची नावं कचेरीबाहेर लागली. वॉर्ड तीनखाली दोनच नावं, आबांचं आणि माझं. समाधानाने वाचली. मग सहज नजर खाली गेली, तर वॉर्ड चारखाली नाव दिसलं, रामा तांडेल. त्याची निशाणी होडी.

हा रामा म्हणजे खालच्या वाड्यातला वजनदार गडी. दोन होड्या, गडगडाटी आवाज आणि शिक्षण मराठी दुसरी. मी दोनदा वाचलं. वाडा वॉर्ड तीनमध्ये, आणि हा वाड्यातला माणूस चारमध्ये उभा. चुकीच्या वॉर्डात फॉर्म भरून बसला होता बिचारा.

त्याला जाऊन सांगावं असं मला क्षणभर वाटलं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, क्षणभरच वाटलं. मग असं वाटलं की रामा तीनमध्ये आला असता तर वाड्यातली निम्मी मतं त्याने खाल्ली असती. देवानेच त्याचा हात धरून चारमध्ये सही करवली असेल तर मध्ये पडणारा मी कोण? मी दुकानात आलो आणि बाकड्याला ही गंमत सांगितली. आम्ही पोटभर हसलो. शिक्षण नसलं की माणसाचं असं होतं, असं मी म्हणालो आणि सगळ्यांना एकेक बाटली फोडून दिली.

दुसऱ्या दिवशी पांढरं धोतर, काळी टोपी घालून मी वाड्यात प्रचाराला उतरलो.

पहिलंच घर रामाचं. रामा समुद्रावर गेला होता. त्याची बायको जानकी पाटी घेऊन बाजाराला निघाली होती. जानकी तांडेलीण मासे विकायला बसली की शेजारणी आपला भाव सांगायच्या आधी तिच्या तोंडाकडे बघत. तिने पाटी खाली ठेवली, चटई घातली, कोरा चहा दिला आणि माझं सगळं बोलणं मान हलवत ऐकून घेतलं. शेवटी मी हात जोडून मत मागितलं.

ती म्हणाली, “तुमच्यासारख्या माणसाक कोण नाय म्हणतलो?”

मी तरंगतच घरी आलो. उमेदवाराची बायको, आणि मत मला. बायकोला ही बातमी दिली तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने हात न थांबवता विचारलं, “आपल्या घोवाक सोडून ती तुमका मत देतली? तिचा डोक्या फिरला की तुमचा?”

मी तिला राजकारण समजावून सांगितलं. म्हटलं, रामा तीनमध्ये उभाच नाही, मग ती नवऱ्याला मत देणार कशी? बायकोने भाकरी उलटली. तिला मुद्दा पटला असं मी समजलो.

आणि मग वाड्याने मला जे डोक्यावर घेतलं, त्याचं काय वर्णन करावं? जाईन तिथे चटई, जाईन तिथे चहा. तुमका मत नाय तर कोणाक, असं घरोघर विचारत. लोक आपापली गाऱ्हाणी सांगत आणि मी ती वहीत उतरवून घेई. वाड्याच्या मधोमध एक सार्वजनिक विहीर होती, ती गाळाने अर्धी भरलेली. जानकीने ती दाखवली आणि म्हणाली की मेंबर लोकांनी आतापर्यंत नुसती बघितली. माझ्या अंगात संचारलं. मेंबर व्हायच्या आधीच करून दाखवतो, असा शब्द मी चारचौघांत देऊन बसलो.

कचेरीत चार अर्ज दिले. अर्जांचं काही झालं नाही. मग म्हटलं, अर्ज कशाला, हा शांताराम आहे ना? धोतर खोचलं, कमरेला दोरी बांधली आणि विहिरीत उतरलो. खाली गुडघाभर चिखल. मी टोपल्या भरायच्या आणि वर बायकांनी ओढायच्या. दुपारपर्यंत असं चाललं. मी पार थकलेला, कानापर्यंत बरबटलेला, आणि वरून जानकीचा आवाज आला की मेंबर, विहिरीचं झालं, आता त्या शाळेकडच्या गटाराचं पण बघाल ना? माणूस विहिरीत असताना नाही कसं म्हणणार? दोरी त्यांच्या हातात. मी हो म्हणालो. मग दिव्यांचं विचारलं. त्यालाही हो म्हणालो. मासे सुकवायच्या जागेला कुंपण, त्यालाही हो. तेव्हा कुठे दोरी हलली.

तीन दिवसांनी विहिरीला नितळ पाणी आलं. पोरीबाळी घागरी घेऊन धावल्या. मी कठड्याला टेकून उभा राहिलो आणि मनात म्हटलं, शांतारामा, एकेक घागर म्हणजे एकेक मत.

मग सभा. किनाऱ्यावर एक होडी उपडी करून ठेवली होती, तिच्यावर उभं राहून मी बोलणार. होडी कुणाची? रामाची. त्याने आपण होऊन दिली. मला त्याच्या दिलदारपणाचं कौतुक वाटलं आणि थोडी कीवही आली. होडीला नुकतंच माशाचं तेल चोपडलं होतं हे मात्र त्याने सांगितलं नाही. पहिल्याच ‘बंधु-भगिनींनो’ला माझे पाय सुटले आणि मी बसकण मारली. तसाच बसून तासभर बोललो. घरी जाताना वाड्यातली यच्चयावत मांजरं माझ्या धोतराच्या मागून आळीपर्यंत आली. पुढे आठ दिवस ती घराभोवती मुक्कामाला होती.

पण सभा गाजली हं. कशाने गाजली माहीत आहे? भाषणात मी एक टोमणा मारला. रामा समोरच वाळूत बसला होता, त्याच्याकडे न बघता मी म्हणालो, काही उमेदवार असे असतात की आपण कुठे उभे आहोत हेच त्यांना ठाऊक नसतं. म्हटलं, एकदोघांना कळेल, गालात हसतील. तर अख्खा किनारा हसायला लागला. म्हातारेकोतारे डोळे पुसायला लागले. बायका पदर तोंडात धरून एकमेकींच्या अंगावर पडल्या. आणि सगळ्यांत जास्त कोण हसला असेल, तर रामा. मला वाटलं, काय हा भोळा माणूस, टोमणा कुणाला मारलाय तेसुद्धा कळत नाही.

त्यानंतर मी वाड्यात दिसलो की लोक मला थांबवून ते वाक्य पुन्हा म्हणायला लावीत. जाळी शिवणारे म्हातारे म्हणत, मेंबर, ता उभ्या रवल्याचा सांगा मगो. मी दर वेळी म्हणून दाखवी, आणि दर वेळी तितकंच हसू. पुढे पुढे तर मी हातवारे करून म्हणू लागलो. आपल्यात वक्तृत्वाची देणगी आहे हे मला उशिरा कळलं, याचं वाईट वाटलं.

याच सुमारास आबा सामंत एकदा माझ्या दुकानात आले. प्रतिस्पर्धी दुकानात आला म्हटल्यावर बाकड्याने सरकून त्याला जागा करून दिली. आबांनी लिंबाचा सोडा घेतला, प्रचार कसा चाललाय विचारलं, आणि वाड्यात तुझा मोठा जोर आहे असं ऐकतो म्हणाले. जाता जाता त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“थंयच लक्ष ठेव हां, शांतारामा. दुसरीकडे खंय फिरत बसा नको.”

ते गेल्यावर मी बाकड्याला सांगितलं की म्हातारा घाबरलाय. बाकड्यालाही तसंच वाटलं. आबा स्वतः त्या महिन्यात प्रचाराला घराबाहेर पडले नाहीत. गिरणीच्या ओटीवर पान जुळवत बसत. तेसुद्धा आम्ही घाबरण्यातच धरलं.

मतदानाचा दिवस उजाडला. मी पहाटे उठून, लग्नातला कोट घालून, छातीवर कागदी कंदील लावून वाड्यातल्या शाळेच्या दारात हात जोडून उभा राहिलो. रांग लागली. सगळी माणसं ओळखीची, सगळी मला बघून हसत होती. आत जाताना हसत, बाहेर येताना हसत. जानकी नवी साडी नेसून आली, तिनेही हसून मान हलवली. सूर्य डोक्यावर यायला लागला तेव्हा मला वाटलं, आपली पेटी एकदा बघून घ्यावी, भरून वाहत बिहत असली तर.

त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे. पेटीवर निशाणी चिकटवलेली. तुम्ही आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. मी आत डोकावलो. दोन पेट्या होत्या. एकीवर होडी, दुसरीवर नारळ. पुन्हा बघितलं. होडी आणि नारळ. कंदील नाहीच.

माझं डोकं फिरलं. मी तसाच टेबलापाशी गेलो. मतदान अधिकारी म्हणजे जामसंड्याकडून आलेले एक शाळामास्तर होते, नाकावर चष्मा, समोर याद्या. मी आवाज चढवून माझी पेटी कुठे लपवली असं विचारलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“आपण कोण?”

“मी वॉर्ड नंबर तीनचा उमेदवार.”

“मग वॉर्ड नंबर तीनमध्ये जा. हा चार आहे.”

“हा चार कधीपासून?”

“यंदापासून. वाडा चारमध्ये घातला, वरचं अंग तीनमध्ये घातलं. नोटीस लागली होती.” मग त्यांनी माझ्या छातीवरच्या कंदिलाकडे बघितलं आणि जरा मऊ आवाजात विचारलं, “आपण वाचली नाही का?”

मी बाहेर आलो. कसा आलो मला आठवत नाही. शाळेच्या पायरीवर बसलो. महिनाभराचा एकेक दिवस डोळ्यांसमोरून जायला लागला. विहीर, होडी, आबांचा हात, किनाऱ्यावरचं हसू. ते हसू आठवलं आणि आता त्याचा अर्थ लागला. अख्ख्या किनाऱ्यापुढे, हातवारे करून, मी स्वतःलाच टोमणा मारत होतो, तोही लोकांच्या आग्रहाखातर.

समोर सगळा वाडा उभा होता. आता कुणी हसत नव्हतं, तेच जास्त लागत होतं. मी जानकीकडे बघितलं. माझ्या तोंडून एवढंच निघालं की तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, एकानेही मला सांगू नये?

जानकी पुढे आली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, भाव सांगतानासारखा.

“तुमी सोड्याच्या दुकानात हसत होतास ना, रामान फॉर्म चुकीच्या वॉर्डात भरलो म्हणान? शिकाक नाय तेचा असाच होता, म्हणालास. आमका त्याच सांजचा कळला. मगे तुमी येऊन रामाक सांगलास?”

मी छातीवरचा कागदी कंदील काढून खिशात घातला.

“आमी वाट बघलव. म्हटला, माणूस बरो आसा, येतलो, सांगतलो. तुमी दुसऱ्या दिवशी इलास, आमची चाय पिलास, आणि रामाचा नाव सुद्धा घेवक नाय. मगे आमी कित्याक सांगूचा?”

शेवटी रामाच पुढे झाला. त्याने मला हाताला धरून उठवलं, कोटाची धूळ झटकली आणि म्हणाला, “जावा, मेंबर. वरची शाळा पाचपर्यंत उघडी आसा. तुमचा स्वतःचा मत तरी घालून येवा.”

मी ती चढण चढलो. जन्मात पहिल्यांदा नीट चढलो असेन. वरच्या शाळेच्या दारात आबा खुर्ची टाकून बसले होते. मला बघून त्यांनी पान पुढे केलं आणि दमलास ना म्हणाले. मी पान घेतलं नाही, चिठ्ठी पेटीत टाकली आणि खाली उतरलो. घरी आलो तर बायको म्हणाली, मी आळीतल्या बायकांबरोबर सकाळीच वरच्या शाळेत मत टाकून आले, तुम्ही तिथे दिसला नाहीत. मग माझ्या तोंडाकडे बघून तिने पुढे काही विचारलं नाही. ताट वाढलं. तेवढं मौन तिने आयुष्यात एकदाच पाळलं.

दुसऱ्या दिवशी मतमोजणी. मी गेलो नाही. जाऊन काय मोजायचं होतं? मशीन फिरवत बसलो. दुपारी रस्त्यावर गलका ऐकू आला. म्हटलं, आबांची मिरवणूक. दार लोटून घ्यायला उठलो, तर बाकड्यावरचा एक जण धापा टाकत आत शिरला आणि म्हणाला की शांताराम, तू आलास. मी म्हटलं, मी घरीच आहे, जातोय कुठे? तो म्हणाला, तसा नव्हे, निवडून आलास. अकरा मतांनी.

मला वाटलं, हीसुद्धा थट्टाच. पण मागोमाग वरच्या अंगाचे इनास मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले, काठी टेकत चालणारे गृहस्थ. वरच्या ख्रिस्ती घरांत त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला. मी त्यांना विचारलं की मास्तर, मी तुमच्या दारात एकदाही आलो नाही, तरी मत कसं दिलंत? ते बाकड्यावर टेकले आणि त्यांनी खुलासा केला.

“आबाची गिरण आमच्या दारात. बारा वर्षां तो वाड्यात जाऊन हात जोडी, आमच्याकडे बघी नाय, कारण आमी तेच्या वॉर्डात नाय होतव. यंदा इलव. म्हटला, आता तरी येतलो. तर तो ओटयेर बसान पान खाय. तेका वाटला, ही मतां खिशात. मगे आमका राग इलो.”

“पण मास्तर, मी पण इलंय नाय.”

“तू कशाक नाय इलंस ता आमका ठाऊक नाय होता,” मास्तर म्हणाले. “आमका वाटला, मानी माणूस आसतलो. मतांची भीक मागीत फिरणा नाय.”

आता बोला. मी वाड्यात विहिरीच्या तळाशी मतांची भीक मागत होतो, आणि वर माझी कीर्ती मानी म्हणून. हे मी मास्तरांना सांगितलं का? नाही सांगितलं. हाराचा वास फार छान होता.

संध्याकाळी वाडा ढोल घेऊन आला. रामाही चारमधून प्रचंड मतांनी आला होता. विहीर साफ झाली ती रामा मेंबरामुळे, असं वाड्यातली नवी माणसं आजही सांगतात, आणि रामाने ते कधी नाकारल्याचं मी ऐकलं नाही. जानकीने मला पेढा भरवला आणि तोंडात पेढा असतानाच गटाराचं विचारलं. तुम्ही विहिरीत असताना हो म्हणालात, चार बायका साक्षीला आहेत, म्हणाली. झालं. पुढची वर्षं मी वॉर्ड तीनचा मेंबर म्हणून वॉर्ड चारची गटारं बांधत होतो. सभेत गटाराचा ठराव मी मांडायचा, रामाने अनुमोदन द्यायचं, आणि आभार वाड्याने रामाचे मानायचे. माझ्या वॉर्डातले लोक मात्र समजत होते की आपला मेंबर मानी आहे, म्हणून येत नाही.

यातून मी काय शिकलो? खूप शिकलो. पुढची निवडणूक आली तेव्हा फॉर्म भरायच्या आधी नोटीस वाचली, तीनदा वाचली. मतदारांची यादी आणून भिंतीवर चिकटवली. चढण चढून वरच्या अंगाला एकेका घरी तीन-तीन फेऱ्या मारल्या. ख्रिस्ती घरांत फेस्ताच्या सणाला जाऊन जेवलो, बाजाराच्या मागे चौकात पाच सभा घेतल्या, प्रत्येक सभेत दीड तास बोललो. निवडणूक शिकायची असेल तर माझ्याकडे या, इतकी ती शास्त्रशुद्ध होती.

आबा सामंत निवडून आले. माझी अनामत जप्त झाली. आळीतल्या तेरा घरांचीसुद्धा सगळी मतं मला पडली नव्हती.

चार दिवसांनी इनास मास्तर दुकानावरून चालले होते. मी त्यांना हाक मारून बसवलं, बाटलीची गोटी दाबून सोडा त्यांच्या हातात दिला आणि मनातलं विचारलं.

“मास्तर, माझा चुकला खंय? गेल्या फेरेक मी एकदा पण इलंय नाय, एक शब्द बोललंय नाय, तरी तुमी माका निवडून दिलास. ह्या फेरेक घरोघर इलंय, इतक्यो सभा घेतलंय, तरी कोणी मत देवक नाय. असा कसा?”

मास्तरांनी शांतपणे सगळा सोडा संपवला, रिकामी बाटली बाकड्यावर ठेवली, काठी उचलली आणि उठता उठता म्हणाले,

“गेल्या फेरेक आमी तुका वळखत नाय होतव.”